एका जनुकाचा चकवा : त्सू-१ खारट मातीत कसं तगतं

पानाचा एक तुकडा घ्यायचा, धुऊन वाळवायचा आणि नायट्रिक आम्लात टाकून तापवायचा. थोड्या वेळाने पान दिसेनासं होतं. परीक्षानळीत उरतो नितळ द्रव, आणि पानातली मूलद्रव्यं सगळी त्यात उतरलेली असतात. तो द्रव यंत्रात फवारला की सोडियम किती, पोटॅशियम किती, कॅल्शियम किती, असा पानाचा सगळा जमाखर्च आकड्यांत समोर येतो. २००६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात डेव्हिड सॉल्ट यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसच्या १२ वाणांचा असा जमाखर्च मांडला, आणि त्यातले दोन वाण बाकीच्यांपासून फटकून निघाले.

अरॅबिडॉप्सिस म्हणजे मोहरीच्या कुळातलं वीत-दीड वीत उंचीचं तण. खायला उपयोग नाही, विकायला नाही. पण बी पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत पुन्हा बी हाती येतं, जनुकसंच आटोपशीर आहे, आणि संपूर्ण वाचला गेलेला वनस्पतींमधला पहिला जनुकसंच याचाच, २००० सालचा. फटकून निघालेल्या दोन वाणांपैकी टीएस-१ हा स्पेनमधल्या तोस्सा दे मार इथून गोळा केलेला, तर त्सू-१ जपानमधल्या त्सू इथून. दोन्ही ठिकाणं अगदी समुद्रकाठची. आणि दोघांच्याही पानांत प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कोलंबिया-० वाणापेक्षा सोडियम जास्त.

ज्यांनी खारट जमिनीचा विषय थोडाफार वाचला आहे, त्यांना हे उलटं वाटेल. समुद्राच्या शेजारी राहणाऱ्या रोपाने मीठ बाहेर ठेवायला शिकायला हवं. हे दोघं तर ते पानात घेऊन बसले होते. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण एकच जनुक रोपाला तारतं की मारतं हे ते कुठे आणि किती चालू होतं यावर कसं ठरतं, ते इथे पायरीपायरीने उलगडत गेलं. आणि प्रत्येक पायरीवर अभ्यासकांना आधीची समजूत सोडून द्यावी लागली.

मीठ काय करतं

खारट मातीत रोपावर दोन संकटं एकामागून एक येतात. पहिलं पाण्याचं. मातीतल्या पाण्यात मीठ विरघळलं की मुळाला ते पाणी ओढून घेणं जड जातं. पाणी डोळ्यांसमोर असूनही रोप तहानलेलं राहतं आणि नव्या पानांची वाढ लगेच मंदावते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन प्रति मीटर भरली की ती जमीन क्षारयुक्त धरतात. हे साधारण ४० मिलिमोलर मिठाइतकं होतं. समुद्राच्या पाण्यात याच्या दहापटीहून जास्त मीठ असतं.

दुसरं संकट सावकाश येतं. पाण्याबरोबर सोडियम वर चढत राहतं, पाणी पानातून उडून जातं आणि सोडियम मागे साठत जातं. सोडियम आणि पोटॅशियम यांचं रूप सारखं. पेशीतल्या ५० हून अधिक विकरांना काम करायला पोटॅशियम लागतं, आणि त्याच्या जागी सोडियम जाऊन बसलं की ती विकरं अडतात. म्हणून जुनी पानं कडेने करपतात आणि गळतात. गळण्याचा वेग नव्या पानांच्या वेगाला मागे टाकू लागला की रोप खलास.

यावर रोपाची पहिली हालचाल आश्चर्य वाटावं इतकी चपळ असते. मुळाला मीठ लागताच पेशींतलं कॅल्शियम वाढतं आणि ती वाढ लाटेसारखी पेशीपेशींतून पुढे सरकते. २०१४ साली ती लाट मोजली गेली : सेकंदाला जवळपास ४०० मायक्रोमीटर. म्हणजे सेंटिमीटरभर मूळ पार करायला २५ सेकंद. या कॅल्शियमला एसओएस३ नावाचं प्रथिन धरतं आणि एसओएस२ ला जागं करतं. एसओएस२ पुढे एसओएस१ वर फॉस्फेटची खूण लावतं, आणि एसओएस१ मग पेशीच्या पटलावर उभं राहून सोडियम बाहेर ढकलू लागतं. ही साखळी जियान-कांग झू यांच्या गटाने उलगडली. यातलं कुठलंही एक जनुक मोडलं तर रोप थोड्याशा मिठानेही कोलमडतं.

इतकं करूनही काही सोडियम निसटतं आणि जलवाहिनीतून वरच्या प्रवासाला लागतं. आपलं प्रकरण इथून पुढे सुरू होतं.

एचकेटी१ : नाक्यावरचं जनुक

जलवाहिनीच्या नळ्या स्वतः मृत असतात, पण त्यांना लगटून जिवंत पेशी असतात. या पेशींच्या पटलावर एचकेटी१ हे वाहक प्रथिन बसलेलं असतं. वर निघालेलं सोडियम वाटेत गाठायचं आणि पेशीत उतरवून घ्यायचं, हे त्याचं काम. रस्त्यावरचा नाकाच म्हणा ना. पाणी पुढे जातं, सोडियम अडतं, पान वाचतं.

हे आज दोन ओळींत सांगता येतं, पण इथवर पोचायला दशक गेलं, कारण या जनुकाने अभ्यासकांना आधीच दोनदा चकवलं होतं. पहिला चकवा नावातच आहे. या कुळातलं पहिलं जनुक १९९४ साली गव्हात सापडलं, ते पोटॅशियमचं वाहक म्हणून. एचकेटीमधला 'के' पोटॅशियमचाच. अरॅबिडॉप्सिसमधलं भावंड मात्र प्रत्यक्षात सोडियम वाहतं, हे २००० साली दिसलं. फरक प्रथिनाच्या छिद्राशी बसलेल्या एका अमिनो आम्लाचा : जिथे ग्लायसीन असतं तिथे पोटॅशियमला वाट मिळते, आणि अरॅबिडॉप्सिसच्या प्रथिनात त्या जागी सेरीन आहे.

दुसरा चकवा जास्त खोल होता. एसओएस३ मोडलेली, मिठाला अतिशय नाजूक झालेली रोपं घेऊन २००१ साली एक शोध झाला. त्यांतलं आणखी कुठलं जनुक मोडलं तर रोप सावरतं, असा प्रश्न होता. उत्तर आलं : एचकेटी१. साहजिकच निष्कर्ष निघाला की सोडियम मुळात शिरण्याचं दार हेच असणार, दार काढून टाकलं म्हणून रोप वाचलं. पण एसओएस३ शाबूत असलेल्या रोपात फक्त एचकेटी१ मोडलं, तर पानं सोडियमने भरून गेली आणि मिठात रोपाचे हाल झाले. दार काढल्यावर घरात गर्दी वाढते कशी? २००३ ते २००७ च्या दरम्यान एकेक करून पुरावे जुळत गेले. एचकेटी१ नसलं की पानात सोडियम वाढतं, मुळात कमी होतं. म्हणजे ते दार नव्हतंच. वर जाणाऱ्याला मुळात अडवून ठेवणारा नाका होता. एसओएस३ मोडलेल्या रोपाचं मूळ आधीच सोडियम बाहेर टाकू शकत नव्हतं, त्यात हा नाका आणखी सोडियम मुळात उतरवत होता. नाका उठला, मुळावरचा भार हलका झाला, मूळ वाढलं. पाहणाऱ्याला वाटलं, रोग बरा झाला.

शोध त्सू-१ चा

आता पुन्हा त्या दोन समुद्रकाठच्या वाणांकडे. त्यांच्या पानात सोडियम जास्त का, हे शोधायला त्यांचा कोलंबिया-० शी संकर केला गेला. नातवंडांच्या पिढीत दोन्हींकडच्या जनुकांची सरमिसळ झालेली असते. त्यातून पानात खूप सोडियम असलेली रोपं वेगळी काढायची, सगळ्यांचा डीएनए एकत्र करायचा आणि डीएनए वाचणाऱ्या चिपवर तपासायचा. कारणीभूत जागा सोडून बाकी सगळीकडे दोन्ही आजी-आजोबांचा वाटा सारखा दिसतो. कारणीभूत जागी मात्र पारडं एका बाजूला झुकतं. ते झुकलं चौथ्या गुणसूत्रावर, आणि तिथे बसलं होतं एचकेटी१.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. या वाणांत जनुक मोडलेलं नव्हतं. जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे ५,००० अक्षरं मागे डीएनएचा एक मजकूर लागोपाठ दोनदा येतो, आणि टीएस-१ व त्सू-१ मध्ये नेमका तिथला तुकडा गळालेला होता. तिथे कुठलंही प्रथिन लिहिलेलं नाही. पण पुढे २०११ मध्ये कोलंबिया-० वर झालेल्या कामातून दिसलं की हा दुहेरी मजकूर लांबून जनुकाला जोर देतो. जीवशास्त्रात अशा जागेला एन्हान्सर म्हणतात. तो जोर गेल्यामुळे या वाणांच्या मुळात एचकेटी१ चं लेखन, म्हणजे जनुकावरून आरएनएची प्रत उतरवणं, कमी होत होतं. नाका होता, पण त्यावर माणसं कमी.

ही कमतरता मुळातली की पानातली? याचं उत्तर कलमाने दिलं, आणि अरॅबिडॉप्सिसचं कलम ही हाताची कसोटी आहे. रोप काही दिवसांचं, देठ सुतळीच्या एका धाग्याहून बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली धारदार पात्याने ते आडवं छाटायचं, दुसऱ्या वाणाच्या खुंटावर टेकवायचं, आणि ओल उडू न देता जुळायची वाट पाहायची. कोलंबियाचं मूळ आणि त्सूचा शेंडा, त्सूचं मूळ आणि कोलंबियाचा शेंडा, अशा अदलाबदली केल्या. शेंडा कुणाचाही असो, मूळ समुद्रकाठच्या वाणाचं असेल तर पानात सोडियम वाढलं. प्रश्न मुळातल्या लेखनाचाच होता.

इथवर सगळं सरळ जुळतं. नाका ढिला, पानात मीठ, म्हणजे रोप मिठाला नाजूक असणार.

तसं झालं नाही. उलट, संकराच्या संततीत ज्या रोपांकडे समुद्रकाठचं हे 'कमजोर' रूप गेलं, तीच मिठात जास्त तगली. एचकेटी१ पूर्ण मोडलेलं रोप मिठात लोळतं, आणि एचकेटी१ अर्धवट मंदावलेलं रोप कोलंबियापेक्षाही बरं राहतं. हा तिसरा चकवा.

योगायोग म्हणून तो सोडून देता आला असता. पण २०१० मध्ये याच गटाने शेकडो वाण तपासले आणि पानातल्या सोडियमच्या फरकामागे जगभर मुख्यतः एचकेटी१ चीच जागा आहे असं दाखवलं. तोही प्रथिनातला फरक नव्हे, लेखन किती होतं यातला. नकाशावर ठिपके मांडले तेव्हा युरोपात हे कमजोर रूप किनाऱ्यालगत आणि खारट जमिनींवर दाटलेलं दिसलं. निसर्गाने ते निवडून जपलं होतं. म्हणजे कमजोर हे नाव आपण दिलेलं. त्या जागच्या रोपाला ते कमजोर नव्हतं.

कुठे चालू, कुठे बंद

या कोड्याकडे कसं पाहावं, याची दिशा एका वेगळ्याच प्रयोगातून मिळते. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचकेटी१ चांगलं आहे ना, मग ते रोपात सगळीकडे भरपूर चालू करू, असा विचार कुणाच्याही मनात येईल. प्रवर्तक म्हणजे जनुक कुठे आणि किती चालायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा. फुलकोबीवरच्या एका विषाणूतून घेतलेला ३५एस हा प्रवर्तक जोडला की जनुक जवळपास प्रत्येक पेशीत जोरात चालतं. तसं केल्यावर रोपं खुरटली आणि पानात सोडियम वाढलं. तेच जनुक, तेच प्रथिन. मग ते फक्त मुळाच्या प्रौढ भागातल्या मध्यस्तंभात, म्हणजे जलवाहिनीभोवतीच्या पेशींत, जोरात चालेल अशी मांडणी केली. पानातलं सोडियम ३७ ते ६४ टक्क्यांनी घटलं आणि रोपाची सहनशीलता वाढली.

हे उकलायला फार लागत नाही. सोडियम आत घेणारं प्रथिन मुळाच्या बाहेरच्या कातडीवर बसवलं तर ते मातीतलं मीठ आत ओढेल. जलवाहिनीच्या शेजारी बसवलं तर वर जाणारं मीठ परत घेईल. प्रथिनाला दिशा कळत नाही. दिशा कळते ती त्याला कुठल्या पेशीत लिहायचं हे ठरवणाऱ्या डीएनएला. 'अमुक पिकात मिठाचं जनुक घातलं' अशी बातमी वाचताना मी म्हणूनच आधी प्रवर्तक कुठला वापरला ते शोधतो. तो माहीत नसेल तर बातमीतलं अर्धंच आपल्या हाती आलेलं असतं.

त्सू-१ चं उत्तर मिळायला २०१७ साल उजाडलं. शांघायमधल्या संशोधकांनी पानाऐवजी फुलांकडे आणि कोवळ्या शेंगांकडे पाहिलं. त्सू-१ मध्ये फुलांतलं सोडियम कमी होतं. मुळांमध्ये मंद असलेलं त्याचं एचकेटी१ खोडात जोमाने चालत होतं, आणि फुलोऱ्याकडे निघालेलं सोडियम तिथे अडत होतं. नाका उठलेला नव्हता, तो वर सरकला होता.

मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. एकदाच बी धरून संपणाऱ्या रोपाला पानं हवी असतात ती बी धरेपर्यंत. पानांत रिक्तिका असतात, पाण्याने भरलेल्या मोठ्या पिशव्या. एनएचएक्ससारखी वाहकं सोडियम तिथे कोंडून ठेवू शकतात, आणि कोंडलेलं सोडियम पाणी धरून ठेवायच्याही कामी येतं. परागकण आणि बीजांड यांच्या नाजूक पेशींत तेवढी मोकळीक कुठली? समुद्रकाठच्या रोपाने मीठ पानांवर घेतलं आणि फुलं राखली. आणि त्यासाठी नवं प्रथिन घडवावं लागलं नाही. मुळात कमी, खोडात जास्त, असं लेखनाचं वाटप बदललं.

या खटक्यावर कुणाकुणाचा हात

एन्हान्सर हा एक हात. आणखीही आहेत, आणि ते रोपाच्या परिस्थितीनुसार हलतात. सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक एआरआर१ आणि एआरआर१२ या नियंत्रकांमार्फत मुळातलं एचकेटी१ दाबतं. २०१० मध्ये ही दोन्ही नियंत्रकं काढून टाकलेल्या रोपांत पानातलं सोडियम घटलेलं दिसलं. ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक. त्याच्या वाटेवरचं एबीआय४ हेही या जनुकाला दाबणाऱ्यांपैकी.

शिवाय डीएनएवर रासायनिक खुणा असतात. जनुकाच्या सुमारे २,६०० अक्षरं मागे एक पट्टा मेथिल गटांनी दाट झाकलेला असतो. हे झाकण घालायला छोटे आरएनए वाट दाखवतात. ते बनवणारं आरडीआर२ मोडलं की झाकण विरळ होतं आणि जनुक जास्त चालतं.

खुणांचा दुसरा प्रकार हिस्टोनवर असतो, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर. ग्लासगोमधल्या ॲना आम्टमन यांच्या गटाने २०१३ मध्ये कोवळ्या रोपांना थोडा वेळ सौम्य मीठ दिलं, मग साध्या माध्यमात १० दिवस वाढू दिलं. रोप तोवर कितीतरी पट मोठं झालं होतं. तरी जनुकं दाबून ठेवणाऱ्या खुणांचे काही पट्टे कडांनी आखूडच राहिले होते, आणि पुन्हा मीठ दिल्यावर या रोपांनी आत कमी मीठ घेतलं. ज्या जनुकांचा प्रतिसाद दुसऱ्या वेळी बदलला त्यांत एचकेटी१ होतं. कालांतराने ही आठवण पुसट होते, पण पहिल्या मिठाची ओळख रोप काही दिवस तरी विसरत नाही.

पिकात

तणात कळलेलं पिकात उतरतं का? एक दाखला पक्का आहे. पास्त्यासाठी वापरला जाणारा ड्युरम गहू पोळी-पावाच्या गव्हापेक्षा मिठाला नाजूक असतो. पावाच्या गव्हात 'डी' नावाचा गुणसूत्रांचा तिसरा संच असतो आणि सोडियम अडवणारं एचकेटी त्या संचावर आहे. ड्युरममध्ये तो संचच नाही. ऑस्ट्रेलियात राना मन्स यांच्या गटाला ड्युरमच्या एका जुन्या संकरित ओळीत पानातलं सोडियम कमी आढळलं. ट्रिटिकम मोनोकोकम या पुरातन गव्हाकडून तिला एचकेटीच्या जागा मिळाल्या होत्या. त्यातली एक, नॅक्स२, साध्या संकराने आणि ती जागा ओळखून देणाऱ्या डीएनए-खुणांच्या आधाराने तमारोई या ड्युरम वाणात आणली गेली. तिच्यातलं जनुक मुळात जलवाहिनीला लगटलेल्या पेशींतच चालतं. खारट शेतात नॅक्स२ असलेल्या ओळींनी नसलेल्या ओळींपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त दाणा दिला, आणि चांगल्या जमिनीत उत्पन्न घटलं नाही. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. भातातही नोना बोक्रा या खारं सोसणाऱ्या वाणातून २००५ मध्ये असंच एक एचकेटी हाती लागलं होतं.

गव्हात पानातलं सोडियम मोजून केलेली निवड बरोबर ठरली, कारण तिथे नाका मुळांमध्येच बसलेला होता. त्सू-१ च्या बाबतीत तीच मोजणी दिशाभूल करत होती. ११ वर्षं त्याला कमजोर म्हटलं गेलं, कारण आम्लाच्या नळीत प्रत्येक वेळी पानच टाकलं जात होतं. आता अशा वाणांची तपासणी करताना फुलोऱ्याखालचं खोड, उमलतं फूल आणि कोवळी शेंग यांचेही वेगळे नमुने घ्यावे लागतात, आणि एचकेटी१ चं लेखन मुळात आणि खोडात वेगवेगळं मोजावं लागतं.